दूधभाताचा युक्तिवाद

‘मांजर पाळायला काही लागत नाही’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की ते तपासून पाहता येईल असे विधान आहे याचाच विसर पडतो. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा असतो: कुत्र्याला फिरवून आणावे लागते, गाईला वैरण घालावी लागते, मांजर मात्र स्वतःचे स्वतः बघते, ते अंग चाटून स्वच्छ राहते, विष्ठा मातीत पुरते, भूक लागली तर उंदीर धरते, दुखले-खुपले तर कोपरा धरून बरे होते आणि उंचावरून पडले तरी चारही पायांवर उतरते, तेव्हा वाटीभर दूधभात घातला की पाळणाऱ्याचे कर्तव्य संपले. आजी-पणजीच्या वाड्यात मांजरांना कोणी लस टोचली नव्हती, तरी मांजरे होतीच, असा दाखलाही सोबत दिला जातो आणि आजचे विकतचे खाणे, वाळूचे ट्रे, पशुवैद्याकडच्या फेऱ्या हे सारे शहरी चोचले ठरवले जातात. हे मत केवळ अडाणीपणातून आलेले नाही. त्यात पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण आहे, म्हणूनच त्याचा प्रतिवाद हसण्यावारी नेऊन होणार नाही. निरीक्षण बऱ्याच अंशी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याला मांजराचे स्वावलंबन म्हटले जाते ते एका विशिष्ट व्यवस्थेमुळे शक्य झाले होते आणि सदनिकेचे दार बंद होताच ती व्यवस्था संपते.

ही व्यवस्था फार जुनी आहे. पाळीव मांजरांचा पूर्वज पश्चिम आशियातील रानमांजर होता, हे 2007 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. त्याआधी, 2004 मध्ये, सायप्रस बेटावरच्या सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनाची माहिती प्रसिद्ध झाली होती, ज्यात माणसाशेजारीच मांजर पुरलेले आढळले. या बेटावर मूळची मांजरे नसल्यामुळे ते प्राणी माणसाने होडीतून नेले असावेत, हे उघड आहे. शेती सुरू झाली, धान्याची कोठारे भरली, कोठारांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. माणसाने त्याला पोसावे असा करार या व्यवहारात कधीच नव्हता. धान्य माणसाचे, उंदीर मांजराचे, असा तो सौदा होता. कोकणातल्या पडवीत किंवा देशावरच्या वाड्यात हाच सौदा विसाव्या शतकापर्यंत चालू राहिला. तिथले मांजर उंदीर, पाली, खारी आणि पाखरे खाई, माशांची डोकी आणि काटे पळवी, आणि संध्याकाळी चुलीपाशी मिळणारा दूधभात हे त्याचे मुख्य अन्न नसून वरकड होते. आज सदनिकेत राहणाऱ्या मांजराकडून शिकार काढून घेतली गेली आणि वरकड तेवढे ठेवले गेले, आणि तरीही ‘पूर्वी चालत होते’ असे म्हटले जाते.

दूधभात मांजराला का पुरत नाही, याचे उत्तर त्याच्या शरीररचनेत आहे. प्राणिशास्त्राच्या परिभाषेत मांजर ‘अनिवार्य मांसाहारी’ आहे. म्हणजे मांस त्याला केवळ आवडते असे नव्हे, तर जगण्यासाठी लागणारे काही घटक त्याला फक्त प्राणिज अन्नातूनच मिळू शकतात, कारण ते स्वतःच्या शरीरात तयार करण्याची क्षमता त्याच्याकडे नाही किंवा अपुरी आहे. माणूस गाजरातल्या पिवळ्या-केशरी द्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला ते साधत नाही. काही आवश्यक मेदाम्लेही त्याला वनस्पती तेलांपासून पुरेशी बनवता येत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे उदाहरण टॉरिन या अमिनो आम्लासारख्या पदार्थाचे आहे, जो स्नायू, हृदय आणि डोळ्याच्या दृष्टिपटलाला लागतो आणि जो मांसात भरपूर, दुधात अगदी थोडा आणि भातात जवळजवळ नसतो. 1975 मध्ये के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांना केसीन, म्हणजे दुधातले मुख्य प्रथिन, हाच आधार असलेला आहार दिला, तेव्हा त्या मांजरांच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास झाला आणि कारण टॉरिनची कमतरता हे निघाले. दुधावर मांजर पोसले जाते या समजुतीला याहून थेट उत्तर सापडणे कठीण आहे.

याच संशोधनाचा पुढचा टप्पा दूधभातवाल्यांइतकाच त्यांच्या विरोधकांनाही अडचणीचा आहे. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा, तोपर्यंत असाध्य मानला गेलेला एक विकार मांजरांत टॉरिनच्या अभावाने होतो आणि टॉरिन दिल्यास तो बराही होऊ शकतो. यातली अनेक मांजरे बाजारातले तयार अन्नच खात होती. त्यानंतर उत्पादकांनी अन्नातले टॉरिनचे प्रमाण वाढवले. पाकीट महाग आहे म्हणून ते बरोबर, असे मानणारा नवा मालक त्यामुळे दूधभात घालणाऱ्याइतकाच भोळा ठरतो. पाकिटावर पाहायचे ते एवढेच, की हे अन्न ‘संपूर्ण आहार’ म्हणून, आणि पिल्लासाठी की प्रौढ मांजरासाठी, असे स्पष्ट सांगितले आहे की नाही. ‘पूरक खाद्य’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिलेले पाकीट रोजचे जेवण होऊ शकत नाही. घरी शिजवलेली नुसती बिनहाडाची कोंबडीही, दूधभाताहून कितीतरी बरी असली तरी, पूर्ण आहार नव्हे, कारण तीत कॅल्शियम जवळजवळ नसते.

‘पण आमचे मांजर तर श्रीखंडसुद्धा चाटते’ हा हमखास येणारा आक्षेप आहे. फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले, की गोडाची चव ओळखणाऱ्या ग्राहीचे (रिसेप्टरचे) एक जनुक मांजर कुळात निकामी झालेले आहे, म्हणजे मांजराला साखर गोड लागतच नाही. श्रीखंडात ते चाटते ती स्निग्धता. दुधाचेही तसेच आहे: दुधातली शर्करा पचवणारे विकर पिल्लाच्या अंगात भरपूर असते, दूध सुटल्यावर ते घटते, आणि मग अनेक प्रौढ मांजरांना गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात. मांजर दूध आवडीने पिते हे खरेच, पण आवड हा पथ्याचा पुरावा मानायचा तर माणसांच्या आहारशास्त्रालाही रजा द्यावी लागेल.

घरात मांस चालत नाही, म्हणून मांजरालाही शाकाहारी ठेवावे, असा आग्रह महाराष्ट्रातल्या काही घरांत धरला जातो आणि त्यामागे क्रौर्य नसून तत्त्व असते. तरीही स्पष्ट बोलायला हवे. पोळी, भात, वरण, पनीर यांच्या जोरावर मांजर निरोगी राहत नाही. ते हळूहळू आंधळे किंवा हृदयरोगी होऊ शकते आणि हे होताना बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. ज्या घराला मांसाचे पाकीटही उंबऱ्याच्या आत नको आहे, त्या घराने ससा पाळावा. स्वतःच्या अहिंसेचा खर्च दुसऱ्या प्राण्याच्या शरीरावर टाकणे हा अहिंसेचा अर्थ असू शकत नाही.

पाण्याच्या बाबतीत स्वावलंबनाची समजूत आणखी घातक ठरते. शुष्क प्रदेशातल्या पूर्वजांकडून मांजराला अत्यंत संहत, म्हणजे कमी पाण्यात जास्त टाकाऊ द्रव्ये असलेली लघवी करण्याची क्षमता मिळाली आहे आणि त्याची तहानेची जाणीव मंद आहे. रानात त्याचे बहुतेक पाणी भक्ष्यातूनच येते, कारण उंदराच्या शरीरात सुमारे दोनतृतीयांश पाणी असते. ओल्या तयार अन्नातही साधारण 75 ते 80 टक्के पाणी असते, कोरड्या दाण्यांत मात्र सुमारे 10 टक्केच. फक्त कोरडे दाणे खाणाऱ्या आणि वाटीतले पाणी मनावर न घेणाऱ्या मांजराची लघवी दाट होते, आणि बोक्याचा मूत्रमार्ग निमुळता असल्यामुळे त्यात खडे, स्फटिक किंवा चिकट स्रावाचा गोळा अडकून लघवी पूर्ण बंद पडू शकते. असा बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, थेंबभरही उतरत नाही. घरचे लोक त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल शोधू लागतात, आणि तोवर रक्तातले पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. हे दुखणे सकाळपर्यंत थांबण्यासारखे नसते. रात्री दोन वाजता दिसले तरी त्याच वेळी दवाखाना शोधावा लागतो. एकाहून अधिक जागी पसरट भांड्यांत ताजे पाणी ठेवणे आणि आहारात ओल्या अन्नाचा वाटा ठेवणे, हा त्यावरचा रोजचा आणि स्वस्त उपाय आहे.

याच संदर्भात ‘सुडा’चा सिद्धांत निकालात काढायला हवा. मांजराने गादीवर, चपलांच्या कपाटात किंवा धुतलेल्या कपड्यांवर लघवी केली, की ते ‘मुद्दाम’ केले, रागावले म्हणून केले, असे निदान घरातल्या घरात होते आणि शिक्षा म्हणून त्याचे नाक त्या जागी घासले जाते. सूड घेण्यासाठी अपमानाची आठवण, हेतू आणि योजना लागते. गादीवर लघवी करायला मूत्राशयाचा दाह, अस्वच्छ ट्रे किंवा घरात नव्याने आलेले दुसरे मांजर पुरेसे असते. पशुवर्तनाचे जाणकार जितकी मांजरे त्याहून एक अधिक ट्रे ठेवायला सांगतात. ते जेवणाच्या भांड्यांपासून दूर, सहज जाता-येता येईल अशा शांत जागी असावेत आणि त्यातला मल रोज काढला जावा. वॉशिंग मशीनच्या फटीत कोंबलेला ट्रे मांजराने नाकारला, तर दोष ट्रे ठेवणाऱ्याचा. मार खाल्लेले मांजर एवढेच शिकते, की हा माणूस आला की पळायचे.

मांजर पडले तरी त्याला काही होत नाही, ही समजूत बहुमजली शहरांत सर्वांत महाग पडते. हवेत अंग वळवून पाय खाली आणण्याची त्याची क्षमता खरी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-जूल मारे यांनी 1894 मध्येच पडत्या मांजराच्या छायाचित्रमालिकेत ती टिपली होती. काही होत नाही या समजुतीच्या पुष्ट्यर्थ 1987 चा न्यूयॉर्कमधील एक अभ्यासही नेहमी पुढे केला जातो, ज्यात इमारतींवरून पडून पशुरुग्णालयात आलेल्या 132 मांजरांची नोंद होती आणि उपचार झालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली होती. हा आकडा सांगणारे दोन गोष्टी गाळतात. एक, ही टक्केवारी रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या मांजरांची आहे. जी पदपथावरच मेली ती मोजणीत आलीच नाहीत, आणि न मोजलेल्यांना विसरून फक्त वाचलेल्यांवरून निष्कर्ष काढण्याला संख्याशास्त्रात ‘वाचलेल्यांचा पूर्वग्रह’ म्हणतात. दुसरी, वाचलेली मांजरे आपोआप वाचली नाहीत; फाटलेली फुप्फुसे, छातीतली हवा, तुटलेले जबडे आणि पाय यांवर तातडीचे उपचार झाले म्हणून त्यांतली कित्येक जगली. मुंबई-पुण्याच्या गॅलऱ्यांना कबुतरे अडवण्यासाठी जी जाळी लावली जाते, तशीच मजबूत, घट्ट ताणलेली जाळी खिडक्यांनाही लावणे, हे मांजर घरी येण्याच्या आधीचे काम आहे. कबुतरामागे झेप घेणाऱ्या मांजराला सहाव्या मजल्याची कल्पना नसते.

घरातल्या औषधांची गोष्ट थोडक्यात, पण ठासून सांगायला हवी. ताप आलेल्या मांजराला लहान मुलाप्रमाणे पॅरासिटामॉलचा तुकडा देणारे प्रेमळ मालक त्याला मारून टाकू शकतात, कारण हे औषध निष्प्रभ करण्याची यकृतातली प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते; रक्तातले हिमोग्लोबिन बिघडून ऑक्सिजन वाहून नेईनासे होते आणि 500 मिलिग्रॅमची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. याच दुबळेपणामुळे फिनॉलयुक्त जंतुनाशकांनी पुसलेल्या लादीवरून चालून पंजे चाटणेही त्याला बाधते. कुत्र्याच्या पिसवा आणि गोचिडांसाठीचे परमेथ्रिन असलेले थेंब मांजराला लावू नयेत, पुष्पगुच्छातल्या एशियाटिक आणि ओरिएंटल लिली घरात आणू नयेत, कारण त्यांचा परागही चाटला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि कांदा-लसूण घातलेला रस्सा त्याच्या ताटलीत ओतू नये.

‘ते कधी आजारीच पडत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ बहुतेकदा ‘ते आजारी आहे हे कोणाला दिसले नाही’ असा असतो. मांजर शिकारी आहे, तसे मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे, आणि दुबळेपणा लपवणे त्याच्या वर्तनात खोल रुजलेले आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या वेदना चेहऱ्यावरून ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, तीत कानांची ठेवण, डोळ्यांचे मिटणे, तोंडाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी एवढ्याच पाच खुणा आहेत; इतके सूक्ष्म वाचन तज्ज्ञांना करावे लागते, तिथे घरच्यांनी ‘शांत झाला आहे, वय झाले’ म्हणावे यात नवल नाही. विशेषतः जेवण सोडणे कधीही दुर्लक्षू नये. अंगावर चरबी असलेले मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर चरबी यकृतात साचून यकृतच बंद पडू शकते. ‘भूक लागली की खाईल’ हा माणसांच्या हट्टी पोरांवरचा तोडगा मांजराला लागू नाही. वाड्यातल्या मांजरांना लस नव्हती, हेही खरे. पण तिथली किती पिल्ले पहिल्या पावसाळ्यातून पार पडत, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. आतड्यांचा आणि पांढऱ्या पेशींचा नाश करणारा पॅनल्युकोपेनिया, तसेच श्वसनमार्गाचे हर्पिस आणि कॅलिसी विषाणू यांविरुद्धची लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण केली जाते, आणि रेबीजची लस भारतात कोणत्याही मांजरासाठी ऐच्छिक मानू नये.

निर्बीजीकरणाला होणारा विरोध वेगळ्या जातीचा आहे. ‘एकदा तरी आई होऊ द्यावी, तब्येतीला बरे असते’ हे वाक्य करुणेच्या सुरात म्हटले जाते. 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या वयाआधी निर्बीजीकरण झालेल्या मांजरींत स्तनकर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी आणि एक वर्षाच्या वयाआधी झालेल्यांत 86 टक्क्यांनी कमी आढळला, आणि पिल्ले झाल्याने संरक्षण मिळते असे मात्र दिसले नाही. मांजरांतल्या स्तनाच्या गाठी बहुतांशी घातक असतात, हे लक्षात घेता हा फरक लहान नाही. मांजरी पाच-सहा महिन्यांत, कधी त्याआधीही, माजावर येते, गर्भकाळ सुमारे दोन महिने असतो आणि पिल्ले पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. ‘एकदा तरी’चे मग तीनदा कधी होते ते घरातल्यांना कळत नाही.

गर्भवती स्त्री घरात असली, की मांजराची रवानगी ठरलेली असते आणि कारण टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे दिले जाते. धोका खरा आहे, उपाय चुकीचा आहे. मांजराच्या विष्ठेतले या परजीवीचे ऊसिस्ट (कवचधारी अवस्था) बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतात. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी ट्रे रोज साफ केला तर साखळी तिथेच तुटते, आणि मांजराकडून ऊसिस्ट पडण्याचा काळही बहुधा पहिल्या संसर्गानंतरच्या काही आठवड्यांपुरताच असतो. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली पालेभाजी हेही संसर्गाचे मोठे मार्ग आहेत, पण त्यांच्यामुळे कोणी स्वयंपाकघर सोडलेले ऐकिवात नाही.

विरोधी पक्षाचा एक आरोप मान्य करायला हवा: मांजरांच्या नावाने बरेच अनावश्यक विकले जाते. निरोगी, आखूड केसांच्या मांजराला नियमित आंघोळ लागत नाही, सुगंधी फवारे आणि कपडे तर मुळीच लागत नाहीत. पुठ्ठ्याचा रिकामा खोका, काथ्या गुंडाळलेला नखे घासण्याचा खांब आणि दिवसातून दोन-तीनदा दोरीमागे धावण्याचा खेळ पुरतो. आणखी एक विरोधाभास असा, की ‘काही लागत नाही’ म्हणणारेच पुष्कळदा हजारो रुपये मोजून चपट्या नाकाचे पर्शियन पिल्लू आणतात, ज्याचे केस रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो, डोळे सतत पाझरतात, आणि ज्याच्या वंशात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार ठाऊक आहे. रस्त्यावर जन्मलेले देशी पिल्लू या सगळ्यातून बहुधा मुक्त असते.

स्वावलंबनाच्या समजुतीचे अखेरचे रूप म्हणजे पिल्ले किंवा नकोसे झालेले मांजर पोत्यात घालून मासळीबाजाराजवळ सोडून येणे, ‘तिथे त्याला खायला मिळेल’ या समाधानासह. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्याच्या कलम 11 नुसार, भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय प्राणी सोडून देणे हा गुन्हा आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे.